आधी चुली बघा, मग वाफे आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुमच्या चर्चच्या मागे आठ गुंठे जागा रिकामी पडली आहे. विहीर आहे. वीस-पंचवीस माणसं अंगमेहनतीला तयार आहेत. तिथे भाजी पिकवून आसपासच्या अडचणीतल्या घरांना द्यावी, असं मंडळीत ठरतंय. तर काय लावावं, किती घरांना पुरेल आणि जूनमध्येच सुरुवात करावी का, हे तुम्हाला हवं आहे.

मी वसईची. माहेरी वाडी, सासरीही वाडी. केळी, पानवेल आणि भाजी यांच्यातच वाढले. गेली तेरा वर्षं चर्चच्या जागेतल्या मळ्याचं काम बघते. पहिला मळा तीन वर्षांत हातातून गेला, दुसऱ्याचं आता दहावं वर्ष चालू आहे. माझं सांगणं या दोन मळ्यांवरून आहे. आमच्याकडे पाऊस दोन हजार मिलीमीटरच्या पुढे पडतो, तुमच्याकडे पाचशे-सहाशे. आमची माती वेगळी, तुमची काळी. त्यामुळे जिथे फरक पडेल तिथे तसं सांगत जाईन.

तुम्ही लागवडीचं विचारलंय, पण असे मळे लागवडीमुळे बंद पडताना मी पाहिलेले नाहीत. वीस माणसांत शेतकरी घरची चार तरी निघतातच, भाजी उगवते. मळा बसतो तो दुसऱ्याच कारणांनी. घेणाऱ्या घराला नको असलेली भाजी पिकते. भेंडी तोडायला येते त्या दिवशी ती पोचवायला कुणी नसतं. आणि एप्रिल-मेमध्ये लग्नं, परीक्षा, सुट्ट्या सुरू झाल्या की पाण्याचा हात थांबतो. म्हणून मी वाफ्यापासून सुरुवात करत नाही. ज्या घरात भाजी जाणार त्या चुलीपासून मागे येते.

त्या घरांत आज काय आहे आणि काय नाही, ते बघा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. म्हणजे कार्ड चालू असलेल्या घरात भाकरी-भाताची बऱ्यापैकी सोय होते. भाजी रेशनवर नसते. पैशाची ओढाताण झाली की पहिली काट भाजीवर बसते, आणि मुलं चटणी-भाकरी किंवा नुसता वरणभात खाऊन राहतात. पोट भरतं, म्हणून बाहेरच्याला काही कळतही नाही. तुमच्या आठ गुंठ्यांची जागा नेमकी इथे आहे. मंडळीतलं कुणीतरी नक्की म्हणेल की बटाटे लावू, कांदे लावू, थोडा गहू करू. ते नको. कांदा तुमच्या जिल्ह्यात मागितला तरी मिळेल. तुम्ही हिरवं पिकवा.

तुमच्या गावाबद्दल एक गोष्ट मात्र तुम्हीच ठरवायची आहे. तुमचा तालुका ऊसतोडीला माणसं पाठवणारा आहे की कारखान्याकडे माणसं येणारा? पाथर्डी-शेवगावकडे असाल तर दिवाळीनंतर घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं उरतात. त्यांना थोडी, मऊ शिजणारी, निवडायला सोपी भाजी लागते. कारखान्याच्या पट्ट्यात असाल तर त्याच महिन्यांत ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. तिथे बाई पहाटे फडावर जाते आणि अंधारात परत येते. तिला पटकन चिरून तव्यावर टाकता येईल असं काहीतरी हवं. गरजू हा एकच शब्द आपण दोघांनाही लावतो, पण त्यांच्या पिशव्या वेगळ्या.

आम्ही पहिल्या वर्षी हे कुणाला विचारलंच नव्हतं. परदेशात असलेल्या एका कुटुंबाने मोठ्या प्रेमाने ब्रोकोली, झुकिनी आणि लेट्यूसचं बियाणं पाठवलं. ब्रोकोलीचे गड्डे इतके देखणे आले की रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, लोक बघायला येत. तिसऱ्या आठवड्यात मी वाटपाच्या वस्तीत सहज गेले, तर दाराशी बांधलेल्या शेळीपुढे आमचा गड्डा पडलेला, अर्धा कुरतडलेला. घरातली बाई ओशाळली. म्हणाली, "बाई, कसं करायचं ते कळेना. आणि हे परतायला तेल किती लागेल, म्हणून ठेवून दिलं." तिचं काही चुकलं नव्हतं. चूक आमची होती, आणि मला ती आजही लागते, कारण त्या बाईला माझी माफी मागावीशी वाटली होती.

त्यानंतर आम्ही चौदा घरी जाऊन बसलो. एका शेगडीचा गॅस, तोही महिनाअखेर संपलेला. तेलाची छोटी बाटली. फ्रिज नाही. पाणी लांबून आणलेलं, त्यामुळे मातीने भरलेला पालक तीन पाण्यांतून काढणं हाच मोठा खर्च. घरी यायला संध्याकाळचे सात. हे पाहिल्यावर आमची मळ्यातली कामंच बदलली. पालेभाजी आम्ही आता मुळं कापून, मळ्यातच धुऊन, निथळून जुड्या बांधतो. दुपारी तोडायची आणि संध्याकाळी पोचवायची, कारण फ्रिज नसलेल्या घरात सकाळची मेथी रात्री मान टाकते. आणि प्रत्येक पिशवीत एक छोटी पुडी असते: मूठभर हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कढीपत्त्याचा टाळा, आणि असलं तर एक लिंबू. ही पुडी आम्हाला एका आजींनी सुचवली. त्या म्हणाल्या, भाजी कमी असली तरी चालेल, तिला चव आणायला काहीतरी द्या. आजवर सगळ्यात जास्त विचारणा त्या पुडीची झाली आहे.

आता किती घरांना पुरेल ते. हिशेब कागदावर करा, मनात नको. आठ गुंठ्यांतून वाटा, खताचा खड्डा, अवजारांची खोली, विहिरीभोवतालची जागा वजा केली की वाफ्यांखाली पाच गुंठे राहतात. चांगला शेतकरी भेंडी, पालक यांसारखं पीक हेक्टरी दहा टनांच्या आसपास सहज काढतो. हेक्टर म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे, म्हणजे गुंठ्याला सुमारे १०० किलो. स्वयंसेवकांच्या मळ्यात पहिल्या वर्षी याच्या निम्मं धरावं, असं माझं मत आहे आणि आमचा अनुभवही. पाच गुंठ्यांतून एका हंगामात २५० किलो. हे सगळं एकदम येत नाही, तोडणी साधारण आठ आठवडे चालते. म्हणजे आठवड्याला तीसेक किलो. अडीच किलोची पिशवी धरली तर बारा घरं.

बारा ऐकून मंडळी नाराज होतील. पण जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. पाच माणसांच्या घराला ते आठवड्याचे १४ किलो होतात, आणि आपण देणार अडीच. तेवढ्यात तीन-चार वेळची भाजी होते. तीच पिशवी चाळीस घरांत वाटली तर कुणाच्याच ताटात काही दिसत नाही. बारा घरांना दर आठवड्याला, एकही खाडा न करता द्या. माझ्या हिशेबी वजनापेक्षा खाडा न होणं मोलाचं आहे, कारण पिशवी नक्की येणार याची खात्री झाली की ती बाई आपल्या बाजाराचे पैसे डाळीला, अंड्यांना वळवते. एखाद्या आठवड्यात मळ्यातून कमी निघालं तर आम्ही विकत घेऊन पिशवी भरतो. त्यासाठी थोडे पैसे वेगळे राखलेले असतात.

वार ठरवताना तुमचा आठवडे बाजार ध्यानात घ्या. बाजाराच्या दिवशी भाजी स्वस्त असते आणि संध्याकाळी तर ढिगाने मिळते. त्यानंतर चौथ्या दिवशी घरातली टोपली रिकामी होते. तो तुमचा वार. आमच्याकडे असा बाजार नसल्याने आम्ही शनिवार धरला आहे, पण तुमच्या गावी आंधळेपणाने शनिवार घेऊ नका.

पाण्याबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. एका गुंठ्यावर एक मिलीमीटर पाणी म्हणजे १०१ लिटर. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात भाजीला दिवसाला पाच-सहा मिलीमीटर तरी लागतं. पाच गुंठ्यांना रोजचं अडीच-तीन हजार लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने मोजलं तर पावणेदोनशे बादल्या. वीज गेली, पंप बिघडला, तर एवढं पाणी खांद्यावरून कोण आणणार? म्हणून काहीही लावण्याआधी एप्रिलच्या शेवटी विहीर बघा. दोरीला गाठी मारून पातळी घ्या, पंप चालवून पाणी खाली न्या, आणि सकाळपर्यंत किती गाठी भरून येतात ते लिहून ठेवा. तीन-चार दिवस हेच करा. आमच्या गावात जुनी बावखलं, म्हणजे पाणी साठवणारी छोटी तळी, होती म्हणून वाड्या तगल्या, आणि जिथे ती बुजवून नुसता उपसा वाढला तिथे विहिरी खारट झालेल्या मी पाहिल्या आहेत. पाण्याला गृहीत धरणाऱ्या माणसाला मळा नाही, हे मला सासऱ्यांनी शिकवलं.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जात असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मार्चनंतर फक्त एक-दीड गुंठा, ठिबकवर, पाचटाचं आच्छादन घालून ठेवा, बाकी जमीन विश्रांतीला. त्या महिन्यांसाठी आधीच्या हंगामात लाल भोपळा साठवा. देठासकट तोडलेला, न खरचटलेला, पूर्ण पिकलेला भोपळा कोरड्या हवेशीर जागी दोन महिने सहज राहतो. शिवाय कुंपणाकडेने शेवगा असेल तर त्याच सुमाराला शेंगा देतो.

माणसांबद्दल. वीस-पंचवीस जण तयार आहेत हे उत्तम, पण पहिल्या पावसाळ्यानंतर त्यातले सात-आठ नेमाने येतात. बाकीच्यांवर राग धरू नका, लोकांना संसार असतात. यावर आमचा तोडगा म्हणजे एक माणूस पगारी. सकाळचे चार तास, गावात चालू असलेल्या रोजाने, पैसे दर आठवड्याला रोख. आमच्याकडे हे काम वाटपाच्याच वस्तीतल्या एक विधवा बाई करतात. मळ्यातलं त्यांचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे. पानाच्या मागे मावा ही कीड दिसायच्या आधी त्यांना मुंग्यांच्या चालीवरून तो कळतो. मंडळीत यावर वाद झाला होता, की सेवेच्या कामात पगार कसला. मी त्या सभेत एवढंच म्हणाले की चर्चचा घंटा वाजवणारा, झाडलोट करणारा यांना आपण पगार देतोच ना. स्वयंसेवकांनी आठवड्यातून एकदा एकत्र यावं, खुरपणी-तोडणी करावी. रोजचं पाणी आणि रोजची नजर मात्र एकाच माणसाची हवी.

आता देण्याची पद्धत. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, तेव्हा इथे जरा थांबते. पहिल्या वर्षी आम्ही रविवारी मिस्सानंतर फाटकाशी टेबल मांडत होतो. रांग लागायची, नावं पुकारायचो. एके दिवशी सगळे गेल्यावर मी टेबल आवरत होते, तेव्हा खांबाआडून एक वयस्कर बाई पुढे आल्या. त्यांनी मला लहानपणी धर्मशिक्षण दिलेलं. मुलगा दारूत गेलेला, सून सोडून गेलेली, हे गावाला माहीत होतं, पण त्यांच्या घरात चूल कशी पेटते हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पिशवीकडे बघितलंच नाही. "उरलंय का काही?" एवढंच, तेही मातीकडे बघत. तासभर त्या खांबामागे उभ्या होत्या. मी त्यांच्या घरापर्यंत गेले, काय बोलावं ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी फादरांकडे जाऊन सांगितलं की ते टेबल मी पुन्हा मांडणार नाही.

तेव्हापासून पिशवी घरी जाते. आमच्याकडे सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी या गरिबांसाठी काम करणाऱ्या कॅथलिक संस्थेची माणसं दर आठवड्याला घरभेटी देतातच. १८३३मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली तेव्हापासून घरी जाऊन भेटणं हीच या सोसायटीची रीत आहे. पिशवी त्यांच्याबरोबर जाते. तुमच्याकडे ही सोसायटी नसेल तर महिला मंडळातल्या दोघी-दोघींची जोडी करा. दुसरी गोष्ट, त्याच कापडी पिशवीतून मंडळीतली पैसेवाली घरंही मळ्याची भाजी नेतात, वहीत नाव न लिहिता दानपेटीत पैसे टाकून. त्यामुळे हातात ती पिशवी दिसली म्हणून कुणाच्या परिस्थितीचा अंदाज येत नाही. खराब, किडकी, उरलेली भाजी पिशवीत जात नाही. जे आपण आपल्या ताटात घेणार नाही ते खतात.

घरं कोणती, हे ठरवताना मंडळीच्या यादीपाशी थांबू नका. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना कुठल्या घरातलं मूल वजनात मागे आहे, कोण बाळंतीण एकटी आहे, कोण क्षयाची औषधं घेतंय हे माहीत असतं. रुग्णाचं नाव त्या तुम्हाला सांगणार नाहीत, सांगूही नये. त्यांना विचारा की पिशवी कुठे पोचावी, आणि त्यांच्याच हाती द्या. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४पासून ते १००० झाले आहेत. तेही त्यांना मिळताहेत का एवढी चौकशी आपण करू शकतो.

आमच्या बारा घरांत पहिल्यापासून निम्म्याहून जास्त घरं ख्रिस्ती नव्हती: वारली, कातकरी, बाहेरगावाहून आलेले बांधकामावरचे मजूर. म्हणून स्पष्टच सांगते. पिशवीबरोबर पत्रक जाणार नाही. प्रार्थनेला या असं आमंत्रण जाणार नाही. देताना फोटो नाही, ग्रुपवर टाकायला तर अजिबात नाही. लोकांच्या मनात आपल्याबद्दल शंका असू शकते आणि ती वाद घालून जात नाही. ग्रामपंचायतीला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना आधीच भेटून सगळं दाखवा. मळ्याचं फाटक उघडं ठेवा, कुणीही यावं आणि बघावं. उपाशी शेजाऱ्याला भाजी देताना मला माझा विश्वास सांगावा लागत नाही, तो मला मळ्यात उभा करतो एवढं पुरे आहे.

चोरीचा विषय तुमच्याकडेही येईलच. चौथ्या वर्षी रात्री टोमॅटो जायला लागले. कुणी म्हणालं काटेरी तार, कुणी म्हणालं राखण्या. एका पहाटे मळ्यात कामाला असलेल्या आमच्या बाईंनी दहा-बारा वर्षांच्या मुलाला पकडलं. शर्टच्या ओच्यात सात टोमॅटो आणि चार मिरच्या. विकायला नेणारा सात टोमॅटो नेत नाही. बायबलमध्ये लेवीयच्या १९व्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा, असं सांगितलेलं आहे. बायबलमधली परदेशी विधवा रूथ त्याच सरव्यावर जगली. हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण आपल्या मळ्याला कडा कुठे आहेत असा विचार कधी केला नव्हता. आम्ही कुंपण चार फूट आत घेतलं. रस्त्याकडेला एक लांब वाफा बाहेर सोडला: मिरची, टोमॅटो, आळू, कढीपत्ता, दोन पपया. त्यावर पाटी नाही, कुलूप नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं. आतली चोरी त्या हंगामातच थांबली. बाहेरचा वाफा कधी ओरबाडला जातो, तेव्हा पुन्हा लावतो. त्या वाफ्यातून कोण नेतं ते मी बघत नाही, आणि कुणाला बघूही देत नाही.

जागेच्या कागदांकडे दुर्लक्ष करू नका. आमचा पहिला मळा त्यानेच गेला. ज्या फादरांनी होकार दिला त्यांची बदली झाली, लेखी काही नव्हतं, आणि पुढच्या मे महिन्यात मळ्यावर पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसले. वांग्याला तेव्हा फळं होती. नव्याने आलेल्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे मळ्याचा एकही कागद नव्हता. तेव्हा कमिटीच्या सभेत ठराव करून घ्या: कोणती जागा, किती वर्षं, पाण्याचं आणि विजेचं बिल कोण भरणार, बंद करायचा झाला तर उभं पीक निघेपर्यंतची मुदत. मिशनच्या काळातल्या जागा असतील तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं आहे ते आधी काढून बघा. आणि मळा चर्चचाच उपक्रम म्हणून चालवा, वेगळ्या संस्थेला जागा भाड्याने देण्याच्या भानगडीत पडू नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५०च्या कायद्यातल्या कलम ३६प्रमाणे शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा इतर जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते.

माती तपासून घ्या. चर्चच्या मागच्या जागेत बहुतेक वेळा जुन्या दुरुस्त्यांचं राबीट, चुना, कौलांचे तुकडे गाडलेले असतात. कुदळ एक हात खाली घालून बघा. तुमच्या जिल्ह्यात राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र. माती-पाणी तपासणी आणि खात्रीचं बियाणं यासाठी त्यांच्यासारखा आधार नाही.

वाफे चार फूट रुंद, त्याहून जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्यात गादीवाफेच करा, नाहीतर मुळं कुजतात. पावसाळ्यात गवार, चवळी, भेंडी, मांडवावर दोडका आणि कारलं, कडेला लाल भोपळा. भेंडीला परभणी क्रांती लावा, हळद्या रोगाला ती चांगली तोंड देते. ऑक्टोबरपासून तुमचा खरा हंगाम: मेथी, पालक, मुळा, वांगी, टोमॅटो, घेवडा. पालेभाजी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक पट्टा पेरला तर दर आठवड्याला जुडी मिळते, एकदम पेरली तर एका शनिवारी ढीग आणि पुढचे तीन शनिवार रिकामे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, रविवार असो वा सण. तोडणारा नसेल तर ती लावू नका, गवार किंवा वांगी लावा, ती दोन दिवस जास्त थांबतात.

फवारणीला रासायनिक काही नको, कारण मळ्यात मुलं येतात आणि दुपारी तोडलेलं संध्याकाळी शिजतं. तुमच्याकडे जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. मुलांना तेच काम द्या. वाळवून ठेवा, पाच किलो कुटून रात्रभर भिजवा, गाळून शंभर लिटर पाण्यात मिसळा, हा पाच टक्क्यांचा अर्क. नुसत्या निंबोळी अर्काने सगळं आटोक्यात राहत नाही, काही वांगी अळीला जातातच, तेवढी सोडायची.

खताला चर्चसारखी जागा नाही. वेदीवरची फुलं, लग्नांची फुलं, २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी कबरस्तानातून निघणारा झेंडूचा ढीग. फक्त त्यातली तार, रिबिनी आणि पुष्पगुच्छाखालचा हिरवा फोम हाताने काढा. तो फोम कुजत नाही, नुसता भुगा होऊन मातीत मिसळतो. दुसऱ्या वर्षी गाजराच्या वाफ्यात तसल्या तारेने आमच्या एका मुलीचा तळवा कापला. तेव्हापासून फुलं चादरीवर पसरून दोघांनी बघितल्याशिवाय खड्ड्यात जात नाहीत.

आणि जूनचं. पहिल्या जूनमध्ये भाजी लावू नका, दीड-दोन गुंठे फार तर, हात बसायला. बाकीच्या जागेत पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग फेका, गुंठ्याला अर्धा-पाऊण किलो. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फुलावर येईल, तेव्हा तो गाडा. सप्टेंबरपर्यंत माती बसेल, तोवर कुंपण आणि ठिबक होईल, ऑक्टोबरला पेरणी आणि नोव्हेंबरात पहिली बारा घरं. मधले चार महिने रिकामे नाहीत. संध्याकाळी दोघी-दोघींनी त्या घरांत जा, बसा, चहा दिला तर प्या. काय शिजलंय ते नजरेला पडेल, काय आवडतं ते बोलण्यात येईल. वही बरोबर नेऊ नका. घरी आल्यावर लिहा.